मामा, शिंदळ माकुडीला शेंग धरली

प्रिय माळीमामा,
सादर नमस्कार.

फोनवर तुम्ही फार बोलत नाही, आणि समोर आभार मानले की "असू द्या हो ताई" म्हणून झारी उचलून पुढच्या वाफ्याकडे जाता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. जपून आणलेलं रोप हातून गेलं आणि पुन्हा मागायचा धीर होत नाही, अशी माणसं माझ्या ओळखीतच चार-पाच आहेत. त्यांनीही हे वाचावं.

मामा, शेंग धरली. एक नाही, जोडी. दोन शिंगं उगवावीत तशी, बोटाएवढीही नाहीत अजून, पण आहेत. सकाळी पाणी घालताना दिसली आणि मी तिथेच गच्चीवर बसून राहिले.

चार वर्षांपूर्वी शिवनेरीहून आल्यावर मी तुमच्याकडे धावत आले होते ते आठवतं का? कड्याच्या भेगेत एक फूल दिसलं होतं. गर्द किरमिजी चांदणी, पाच टोकांची, रुपयाच्या नाण्याएवढी, वर पिवळी नक्षी आणि कडेला बारीक लव. फोटो बघताच तुम्ही नाव सांगितलंत, शिंदळ माकुडी. "पुढच्या वेळी एखादा तुकडा घेऊन येऊ का," असं मी सहज विचारलं, तेव्हा तुमचा चेहरा बदलला. "ताई, हात पोचतो तिथली आधीच संपलीत. आता आहेत ती हात न पोचणाऱ्या जागी आहेत. कड्यावरचं कड्यावर राहू दे." एवढंच म्हणालात. हे झाड जगात फक्त आपल्या सह्याद्रीत, मोजक्या डोंगरकड्यांवर उरलंय, हे मला त्या दिवशी कळलं. शेळ्या खातात, वणव्यात जळतं, दरड कोसळली की तिच्याबरोबर जातं. त्यात आमच्यासारख्या हौशी लोकांचे हात. (मी पाहिलं ती नेमकी जागा म्हणूनच कुणी विचारली तरी सांगत नाही.)

मग तुम्ही तुमच्या महाविद्यालयाच्या रोपवाटिकेतल्या कुंडीतून वीतभर फांदी कापून दिलीत. आणि ती मी मारली.

ऑगस्ट होता. पानं पिवळी पडली म्हणून मी पाणी वाढवलं, पाणी वाढवलं तशी आणखी गळली. एके दिवशी बोटाने दाबलं तर मांसल फांदी आतून लिबलिबीत झाली होती, काचेसारखी पारदर्शक, आणि कुजका वास. तीन महिने मी तुमच्या महाविद्यालयाच्या रस्त्यानेही गेले नाही. जगात इतकं थोडं उरलेलं झाड आपल्या हातून गेलं, हे सांगायचं कसं?

शेवटी आले, तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "कुंडी आणली का?" मी घरी परत जाऊन कुंडी घेऊन आले. तुम्ही वर्तमानपत्र पसरून ती उपडी केलीत. काळी माती आणि कोकोपीटचा गच्च गोळा निघाला, कुंडीच्या आकाराचा. तो मधोमध फोडून माझ्या तळहातावर ठेवलात. पावसाळा सरून महिना झाला होता आणि तो आतून थंड, ओला होता. तळाचं भोक मातीने पार बुजलेलं. "हे कड्यावरचं झाड. पाऊस अंगावर पडतो आणि वाहून जातो. मुळाशी थांबतो कुठे?" माझं काय चुकलं ते मला शब्दांनी इतकं कधीच पटलं नसतं. आणि मी काही मागायच्या आत तुम्ही कात्री आणायला उठलात.

मामा, माझे आभार त्या दुसऱ्या फांदीसाठी आहेत. पहिली कुणीही देतं.

या वेळी तुम्ही सगळं करून दाखवलंत. कापलेली फांदी चार-पाच दिवस सावलीत तशीच ठेवायची, जखम सुकू द्यायची. मातीची कुंडी, तळाला खापऱ्या. मुरूम, जाडी वाळू, विटांचा चुरा आणि मूठभर पानखत, बस. पावसाळ्यात कुंडी तिरकी ठेवायची, म्हणजे पाणी साचत नाही. उन्हाळ्यात पानं सगळी झडतील, नुसत्या करड्या कांड्या उरतील, तेव्हा हात लावायचा नाही. ते सगळं तसंच झालं आणि जूनमध्ये पोपटी पानं फुटली.

मधे एकदा मी घाबरून तुम्हाला फोटो पाठवला होता, पानांवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या. तुम्ही कळवलंत की या रुईवरच्याच अळ्या आहेत, शिंदळ माकुडी रुईच्याच गोतातली. मी त्या उचलून कोपऱ्यातल्या रुईवर सोडल्या. औषध मारू दिलं नाहीत, बरं केलंत. नारिंगी फुलपाखरं गच्चीवर रोज असतात आता.

आणखी एक गोष्ट, तुमचं लेबल. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेलं, मूळ झाड कुठल्या डोंगरावरचं ते. "लेबल हरवलं की झाडाचं गाव हरवलं." तेव्हा मला तो जरा जास्तच काटेकोरपणा वाटला होता. नंतर वाचलं, की 1860च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे झाड पहिल्यांदा शास्त्रात नोंदवलं आणि मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून त्याला फ्रेरिया इंडिका म्हटलं. त्या काळी नोंद झाली म्हणून आज आपण त्याचा माग काढू शकतो. तुमची पत्र्याची पट्टी मला त्याच नोंदीच्या पुढची ओळ वाटते.

फुलं तीन वर्षं येत होती, शेंग कधी नाही. मागच्या वर्षी तुम्ही वेगळ्या डोंगराचं लेबल असलेली दुसरी कुंडी माझ्या कुंडीशेजारी ठेवायला दिलीत, काही न बोलता. आता कळतंय ते कशासाठी, माश्यांनी एका झाडाचे पराग दुसऱ्यावर न्यावेत म्हणून. फुलांवर घोंघावणाऱ्या माश्या मी हाकलत नव्हते, एवढंच माझं श्रेय.

शेंगा पिकायला वेळ आहे. उकलल्या की बियांना रुईसारखी म्हातारी असते, वाऱ्यावर कुठल्या कुठे जातील, म्हणून जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवून आजच बांधली आहे. पिशवीवर तारीख आणि दोन्ही डोंगरांची नावं लिहिली आहेत. बिया निघाल्या की सगळ्या घेऊन येते. किती पेरायच्या आणि किती मला द्यायच्या, ते तुम्ही ठरवा.

तुमची,
गच्चीवाली ताई