चौकाला आधी सावली द्या

संपादक महोदय,

चौकाचे सुशोभीकरण म्हणजे पेव्हर ब्लॉक, लॉन आणि रॉयल पाम, असे समीकरणच होऊन बसले आहे. पामखाली एक माणूसही धड उभा राहू शकत नाही आणि लॉन एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगते.

दुपारी तीननंतरचे ऊन पश्चिमेकडून तिरपे येते. म्हणून बाकांच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला बकुळ, उंडी, करंज अशी दाट पानांची झाडे हवीत. गुलमोहर दिसायला छान, पण पावसाळी वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात.

खरी गोम झाड लावायच्या खड्ड्यात आहे. तो दीड मीटर लांब-रुंद आणि मीटरभर खोल असावा. गोव्यात खाली चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, कडक थर लागतो. तो फोडला नाही तर खड्ड्याचा हौद होतो आणि जुलैत मुळे कुजतात. बुंध्याभोवती सगळीकडे किमान मीटरभर माती उघडी ठेवावी. काँक्रीट बुंध्याला भिडवले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, ती वरवर पसरून ब्लॉक उचलतात आणि वादळात झाड आडवे होते. वर दोष झाडालाच!

ब्लॉक वाळूवर बसवावेत, फटी सिमेंटने बुजवू नयेत. उतार शंभराला एक, आधी झाडांच्या आळ्यांकडे, जादा पाणी गटारात. स्टीलचे बाक दुपारी चटके देतात. लाकडी पट्ट्यांचे बरे.

निविदेत तीन उन्हाळ्यांचे पाणी आणि आधाराचे बांबूही धरावेत.

– एक वाचक, मडगाव