मागे दिसणारी ती इमारत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. मुलांचे मराठीचे वर्ग, घरोघरचे उकडीचे मोदक, थंडीतली दिवाळी हे सगळे लेखिकेने मनापासून लिहिले आहे. पण ही कुटुंबे ज्या फ्लुगफेल्ड भागात राहतात, त्याला लेखात काल-परवा उगवलेली, इतिहास नसलेली वसाहत म्हटले आहे. मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि माझी मुलगी व जावई त्याच वसाहतीत राहतात. त्यामुळे ते वाक्य वाचून, आणि लेखासोबतच्या फोटोत मुलांच्या मागे दिसणाऱ्या जुन्या इमारतीबद्दल एक ओळही न सापडल्याने, गप्प बसणे मला जमले नाही.

फ्लुगफेल्ड म्हणजेच विमानांचे मैदान. ब्योब्लिंगेन आणि झिंडेलफिंगेन ही दोन शेजारची गावे, आणि त्यांच्या मध्ये साधारण ८० हेक्टरांची ही सपाट जमीन. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला महामार्ग. इथे १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, लष्करी विमानतळ झाला. त्याच वर्षी डाइमलर कंपनीने (आजची मर्सिडीज) जवळच झिंडेलफिंगेनला कारखाना उभारला, तो विमाने आणि विमानांची इंजिने बनवण्यासाठी. आपल्याकडचे कितीतरी तरुण चाकणच्या मर्सिडीजमधून कामासाठी तिथे जातात, माझा जावईही तसाच गेला. त्या कारखान्याचा जन्म मोटारीसाठी झाला नव्हता, हे त्यालाही मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते!

युद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे लष्करी विमानदल बंद केले. मग १९२५ साली याच मैदानावर वुर्टेम्बर्ग राज्याचा नागरी विमानतळ सुरू झाला. श्टुटगार्टला जाणारा-येणारा विमानप्रवासी तेव्हा ब्योब्लिंगेनला उतरत असे. डाइमलरमध्ये विमानांचे आराखडे करणारे हान्स क्लेम १९२६ साली वेगळे झाले आणि त्यांनी ब्योब्लिंगेनमध्येच स्वतःचा कारखाना काढला. त्यांचा भर हलक्या, स्वस्त विमानांवर होता. लाकडी सांगाडा आणि जेमतेम २० अश्वशक्तीचे इंजिन. आज रस्त्यावरच्या कितीतरी मोटरसायकलींनासुद्धा एवढी ताकद असते. असल्या एका क्लेम विमानातून फॉन क्योनिग-वार्टहाउझेन नावाचा विशीतला तरुण १९२८ साली बर्लिनहून एकटा निघाला. मॉस्को, इराण करत तो हिंदुस्थानात आला, पुढे पूर्वेकडे गेला आणि १९२९ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून मायदेशी परतला. वर्गात हे सांगायला मिळाले असते, तर मी एक अख्खा तास त्यावर घालवला असता.

त्यापुढचा काळ वाईट. नाझी राजवटीत मैदान पुन्हा लष्कराकडे गेले. नागरी वाहतुकीसाठी एष्टरडिंगेनला नवा विमानतळ बांधला गेला, आपली माणसे आज उतरतात तोच. युद्धाच्या वर्षांत झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात परदेशांतून जबरदस्तीने आणलेली माणसे राबवली गेली. ऑक्टोबर १९४३मध्ये, ७ आणि ८ तारखेमधल्या रात्री, बॉम्बहल्ल्यात ब्योब्लिंगेनचे जुने गाव बेचिराख झाले. मुलीच्या घरापासून टेकडीवरचे चर्च दिसते. त्याच्या भोवतीच्या घरांत जुने असे फारसे काही का नाही, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. त्याचे उत्तर त्या एका रात्रीत आहे.

१९४५ साली आधी फ्रेंच सैन्य आले, मग अमेरिकन. अमेरिकनांनी मैदानावर लष्करी वाहने दुरुस्त करण्याचा तळ केला आणि तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालवला. म्हणजे या जमिनीचा सगळ्यात मोठा काळ ना विमानांचा ना वस्तीचा, तो वंगणाचा आणि डिझेलचा. मुलीच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहतात. लहानपणी कुंपणाच्या जाळीला नाक लावून रणगाडे बघत उभे राहायचो, असे ते मला सांगत होते. मुलगी मध्ये बसून मराठीत सांगत होती. बोलता बोलता त्यांनी खिडकीतून बोट दाखवले, "कुंपण तिथे होते." तिथे आता मुलांची घसरगुंडी आहे.

अमेरिकन गेल्यावर खरे अवघड काम सुरू झाले आणि लेखात नेमका त्याचाच एका शब्दाने उल्लेख नाही. मैदानाच्या मधूनच दोन गावांची हद्द जाते. शेजारच्या दोन गावांत चुरस कशी असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण या दोन नगरपालिकांनी २००२ साली मिळून एक संयुक्त संस्था स्थापन केली आणि सगळ्या जमिनीचा एकच आराखडा केला. घरांच्या आधी माती आली. तेलाने, रसायनांनी खराब झालेली माती साफ करायची आणि जमिनीत पडून राहिलेला दारूगोळा शोधायचा.

हा शोध मी डोळ्यांनी पाहिला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मागच्या उन्हाळ्यात मी तीन महिने तिथे होते. स्टेशनाच्या बाजूला एका रिकाम्या तुकड्यावर रोज सकाळी चार माणसे येत. जमिनीवर रंगाने ठिपके मारलेले, सगळे सारख्या अंतरावर, जणू रांगोळीचेच. प्रत्येक ठिपक्यावर यंत्राने मनगटाएवढे भोक पाडायचे, त्यात नळी सोडायची आणि नळीतून एक लांब दांडी हळूहळू खाली न्यायची. आसपास लोखंड असेल तर ती दांडी ते ओळखते. एकजण आकडे बघत उभा राही, दुसरा पुढच्या ठिपक्याकडे जाई. ना घाई, ना आरडाओरडा. जावई म्हणाला, त्या राज्यात बांधकामाआधी युद्धकाळात विमानांतून काढलेले फोटोसुद्धा तपासतात, बॉम्बचे खड्डे कुठे पडले होते ते पाहायला. ज्यांनी बॉम्ब टाकले, त्यांनीच काढलेले फोटो! ऐंशी वर्षांपूर्वीचा तो फोटो बघितल्याशिवाय आजच्या घराचा पाया खणत नाहीत. मी नातवाची बाबागाडी घेऊन रोज तिथे थांबायचे. इतक्या वर्षांत दुसरे महायुद्ध मी फळ्यावर शिकवले, तारखा पाठ करून घेतल्या. ते युद्ध अजून कोणाच्या तरी सकाळच्या कामात आहे, हे त्या कुंपणापाशी मला पहिल्यांदा जाणवले.

लेखात ज्याचे कौतुक आहे, तो तलाव नैसर्गिक नाही. तोही या आराखड्यातच खोदलेला. लांगर झे, म्हणजे लांबट तळे. संध्याकाळी त्याच्या कडेने फिरायला फार छान वाटते, लेखिकेशी मी तेवढ्यापुरती पूर्ण सहमत आहे. दोन्ही गावांची रुग्णालये एकत्र आणणारे मोठे रुग्णालयही याच जमिनीवर बांधायला घेतले.

आता फोटोबद्दल, कारण पत्र लिहायला बसले ते त्यासाठीच. लेखासोबत झब्बे-कुर्ते घातलेल्या मुलांचा सुंदर फोटो आहे. मुलांच्या मागे एक लांबलचक, भरपूर खिडक्यांची इमारत दिसते. तिच्याबद्दल ना लेखात ओळ, ना फोटोखाली. ती जुन्या विमानतळाची इमारत आहे. नवी वसाहत आखताना विमानतळाच्या इमारती आणि हँगर, म्हणजे विमाने ठेवायच्या मोठ्या शेडा, पाडले नाहीत, वारसा म्हणून राखले. २००९पासून त्यांत जुन्या मोटारींचे केंद्र आहे. लोक आपापल्या जुन्या गाड्या काचेच्या खोल्यांत ठेवतात आणि कोणीही आत जाऊन त्या बघू शकते. बाहेरच्या चौकाला नाव आहे ग्राफ झेपेलिन, म्हणजे मोठी हवाई जहाजे बनवणाऱ्या जर्मन सरदाराचे. माझा चार वर्षांचा नातू गाड्यांसाठी तिथे जायचा हट्ट धरतो. मी मात्र वर छताकडे बघत बसते. इतक्या रुंद जागेत मध्ये एकही खांब नाही, कारण इथे विमानांचे पंख मावायला हवे होते.

आमच्या मुलामुलींनी तिथे संसार मांडले आहेत, त्यांची मुले तिथल्या बालवाडीत जातात. ती मुले मोठी होऊन विचारतील, की आपण राहतो ती जागा आधी काय होती. पुण्यात बसलेल्या आजी-आजोबांनाही ते माहीत असावे, कारण फोनवर गोष्ट सांगायची पाळी आमच्यावरच येते.

म्हणून विनंती, की पुढच्या अंकात तो फोटो पुन्हा छापून खाली एवढी ओळ द्यावी: मुलांच्या मागे ब्योब्लिंगेनच्या जुन्या विमानतळाची इमारत. जागा उरली तर कंसात नागरी विमानतळ सुरू झाल्याचे साल घालावे, १९२५.

आपली एक नियमित वाचक,
निवृत्त शिक्षिका, चिंचवड, पुणे