कालव्यातल्या पाण्याची लेव्हल आपोआप सांभाळा, टेलची शेतं वाचतील

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला शेतकरी, जमीन चारीच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, अगदी टेलला, शेवटच्या टोकाला. मागच्या रब्बीत कालव्याला पाणी सोडलं त्या आवर्तनात आमची पाळी रात्री दोनची, बॅटरी घेऊन मोरीवर गेलो तर भिंतीवरच्या पाणी मोजायच्या पट्टीला पाणी टेकलेलंसुद्धा नव्हतं, आणि दोनच दिवसांनी अवकाळी आला तशी वरच्या सगळ्यांनी आपापली दारं बंद केली, ते सगळं पाणी रात्रीतून आमच्या अंगावर आलं, भराव फुटला आणि शेजारच्या बाईंच्या काढणीला आलेल्या हरभऱ्यात गुडघाभर पाणी. त्या माऊलीला बांधावर बसून रडताना बघितलंय मी.

कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला शिव्या देऊन काय होणार? एकटा माणूस, एक मोटरसायकल, रात्री किती दारं बघेल तो. हेडचं, म्हणजे चारीच्या तोंडाचं गेट आज फिरवलं तरी टेलला फरक पडायला वेळ लागतो, तोवर वर काहीतरी बदललेलं असतं. आणि दारातून किती पाणी निघणार ते दारासमोरच्या पाण्याच्या लेव्हलवर असतं, लेव्हल हलली की पाळीचा सगळा हिशोब गेला.

लेव्हल हलण्यावर उपाय जुना आहे. फ्रान्सची अमिल (AMIL) गेटं मोरोक्को, अल्जेरियाच्या कालव्यांवर आहेत, गेटलाच फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग असतो, गेटच्या वरच्या अंगाचं पाणी चढलं की गेट उघडतं, उतरलं की मिटतं, ना वीज ना मोटर. आपल्याकडे रात्री लाईटचे हाल असतात, त्यामुळे मला तर हेच पटतं. सेन्सर आणि मोटरवाली गेटंही आहेत, कर्नाटकात कृष्णेच्या नारायणपूर डाव्या कालव्यावर बसवलीत. सेन्सर चोरीला जातील म्हणतात, खरंय, पण राखण आम्ही करू ना!

2005 च्या सिंचनाच्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं ठरलं. आपल्याच जिल्ह्यात वाघाड धरणाच्या शेतकऱ्यांनी तसं मोजून घेऊन दाखवलंय. पण लेव्हल सारखी वरखाली होत असेल तर बाकीच्यांनी मोजायचं कसं?

धरण-कालव्यांवर संशोधन करणारी सरकारची मेरी संस्था इथेच नाशिकला दिंडोरी रोडला आहे, तिथल्या इंजिनिअर लोकांनी एक चारी घ्यावी, येत्या रब्बीत दोन-तीन गेटं बसवून बघावीत आणि रोजची लेव्हल शेतकऱ्यांच्या मोबाईलवर टाकावी. आमची चारी घ्या, गेटाला लागेल ती जागा द्यायला आम्ही टेलचे सगळे तयार आहोत.

आपला,
एक शेतकरी, ता. निफाड, जि. नाशिक