त्या रात्री तू गाडी काढलास म्हणून

प्रिय संत्या,

काय करालाइस? बाबांनी आज उजव्या हातानं तांब्या उचलला, म्हटलं पहिल्यांदा तुला कळवूया.

तू परवा विचारलास ना, रक्त थांबलं की मेंदूतल्या पेशी एवढ्या पटकन का मरतात म्हणून. मी वर्गात हेच शिकवतो गा, पण घरात बाबांनाच स्ट्रोक (मेंदूचा झटका) आल्यावर धडकी भरली.

मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो बहुतेक ग्लुटामेट नावाचं रसायन सोडून. निरोप पोचला की ते लगेच उचलायला लागतं, नाहीतर समोरची पेशी पेटलेलीच राहते, आणि बाहेर त्याला फोडणारं एन्झाइम पण नाही, सगळी भिस्त पेशीच्या पडद्यातल्या ट्रान्सपोर्टर प्रोटीनवर, म्हणजे त्याला आत ओढून घेणाऱ्या प्रोटीनवर. बाहेर सोडियम लई, आत कमी, त्यामुळं ते आत घुसायला बघतं, त्याच ओढीवर हे काम चालतं. १ ग्लुटामेट आत घेताना ३ सोडियम आणि १ हायड्रोजन आत, १ पोटॅशियम बाहेर! प्रोटीनचा एक तुकडा ग्लुटामेट धरून लिफ्टसारखा आत सरकतो. जास्त काम अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशी करतात, त्या ग्लुटामेटचं ग्लुटामिन करून परत न्यूरॉनला, म्हणजे निरोप देणाऱ्या पेशीला देतात.

खानापूरहून बेळगावला येताना तू त्या पावसात, अंधारात डोळे ताणून गाडी हाणत होतास, तेव्हा तुझ्या रेटिनात, डोळ्याच्या आतल्या पडद्यात, पण हेच चाललेलं. तिथं तर उलटं आहे बघ, उजेड टिपणाऱ्या रॉड आणि कोन पेशी अंधारात ग्लुटामेट सोडत राहतात, उजेड पडला की कमी करतात. समोरून ट्रकची लाइट आली की आधीचं ग्लुटामेट झटकन हटायला पाहिजे, तरच उजेड आलेला पुढच्या पेशीला कळणार. ते काम रेटिनातल्या मदतनीस म्यूलर पेशी आणि रॉड-कोनचे स्वतःचे ट्रान्सपोर्टर करतात. मला हे फार सुंदर वाटतं.

आता बाबांचं. सोडियम बाहेर फेकायला पंप लागतो, पंपाला एटीपी म्हणजे पेशीचं इंधन, एटीपीला रक्तातून येणारा ऑक्सिजन आणि साखर. रक्त अडलं, पंप बंद, सोडियम आत साठलं की तोच ट्रान्सपोर्टर उलटा फिरतो आणि आतलं ग्लुटामेट बाहेर ओततो. आत साठा बाहेरच्या हजारो पट असतो रे. मग शेजारच्या पेशी पेटलेल्याच राहतात, त्यांच्यात कॅल्शियम शिरतं आणि त्या मरतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यायला लागतं ते यासाठी पण, आणि आपण दोन तासांत पोचलो. तू "सकाळी बघूया" म्हणाला असतास तर?

बाबा रोज विचारालेत, संत्या कधी येतोय. 'त्या' अजून जरा अडकतं त्यांना, पण नाव तुझंच घेतात.

तुझाच,
विन्या