वाट राखणाऱ्या अनोळखी हातांस

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोणत्या नावाने लिहावं ते कळत नाही. जंगलातून चढत सोंडेवर, सोंडेवरून धारेला आणि खिंडीतून पलीकडे उतरणारी अवघड वाट तुम्ही राखता. पण तुमचं नाव तिथे एकाही झाडावर नाही. (ज्यांनी काहीच केलेलं नाही, त्यांची मात्र बदामासकट कोरलेली आहेत.)

चालणारे आभार मानतात ते बहुधा खुणांचे, कारण त्या डोळ्यांना दिसतात. आम्हाला आधी आभार मानायचे आहेत ते पाण्यासाठी. प्यायच्या पाण्यासाठी नव्हे, वाटेवरून तुम्ही बाहेर काढून दिलेल्या पाण्यासाठी.

डोंगरातली वाट पायांनी झिजते, पण मोडते पाण्याने. पाऊल माती सुटी करतं आणि पाणी ती घेऊन जातं. वाट सरळ उताराच्या तोंडाने खाली सोडली तर काही पावसांत तिचा ओहोळ होतो, मग घळ, मग मुळं उघडी पडतात आणि नेमका घोटा अडकेल अशी जागा तयार होते. म्हणून तुम्ही वाट डोंगराच्या अंगावरून आडवी नेलीत. डोंगराचा उतार ३० टक्के असेल तर वाटेचा चढ १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे उताराच्या निम्म्याहून कमी. आणि लांब पल्ल्याची सरासरी १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १०० मीटर चाललं की १० मीटर उंची. चढ निम्म्याच्या वर गेला की पाणी वाट ओलांडून पलीकडे जात नाही, वाटेवरूनच चालू लागतं. दमलेल्या माणसाला ही वळणं म्हणजे उगाच घातलेला वळसा वाटतो आणि तो मधूनच सरळ खाली उतरतो. त्याच्या मागून दहाजण उतरले की गवत मरतं आणि पाण्याला हवी असलेली सरळ चर तयार मिळते. तुमचं महिन्याचं काम एका सुट्टीच्या दिवसात वाहून जातं ते असं.

बारकावा पुढेच आहे. वाटेची बाहेरची, म्हणजे दरीकडची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवायची, मीटरभर रुंदीला साधारण ५ सेंटिमीटर. पायाला ते जाणवत नाही, पाण्याला पुरतं. पण रोजच्या वर्दळीने मधला भाग दबतो, बाहेरच्या कडेला माती आणि पालापाचोळा साठून बारीकसा बांध उभा राहतो आणि पाणी आत कोंडतं. तो बांध फावड्याने खरवडून काढणं हे वाट राखण्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचं. चढ जास्त असेल तिथे तुम्ही दगडी आडबांध घालता, तेही वाटेला काटकोनात नव्हे तर तिरपे, ४५ ते ६० अंशांत. काटकोनातला बांध पाणी अडवतो. अडलेलं पाणी गाळ टाकतं, मागची जागा भरते आणि पुढच्या जोराच्या सरीत पाणी बांधावरून उडी मारून खालची माती उकरतं. तिरप्या बांधावर पाण्याला वेग राहतो, ते गाळासकट कडेला निघून जातं. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत पुरलेला हवा, नाहीतर पहिल्याच गर्दीत तो डुगडुगायला लागतो. आणि जिथून पाणी कडेला निघतं ते बांधाचं बाहेरचं तोंड मोकळं नसेल तर एवढा खटाटोप फुकट; पावसाळ्याआधी प्रत्येक तोंड उकरत फिरणारा माणूस आम्ही क्वचितच पाहतो, पण उकरलेली तोंडं पाहतो.

दगडी पायऱ्यांचंही तसंच. एकेक पायरी १५ ते २० सेंटिमीटर उंच असेल तर लोक तिच्यावरून जातात. त्याहून उंच झाली की गुडघे तक्रार करतात, माणूस बाजूच्या गवतातून चढतो आणि शेजारी दुसरी वाट पडते. तुमच्या पायऱ्यांच्या दोन्ही कडांना मुद्दाम टाकलेले ओबडधोबड दगड शोभेचे नाहीत हे आम्हाला उशिरा उमगलं. बाजूने जाणं पायरीपेक्षा त्रासाचं व्हावं, एवढाच त्यांचा उद्देश.

आता खुणा. जंगलात तीच ती जागा पुन्हा पुन्हा लागली की मराठी माणूस ‘चकवा लागला’ म्हणतो. २००९ साली संशोधक यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या एका सपाट जंगलात माणसांना ‘सरळ चालत राहा’ असं सांगून सोडलं आणि जीपीएसवर त्यांचा माग काढला. सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेलं असताना ती गोल फिरली आणि आपलीच वाट आपण ओलांडतो आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. एक पाय जरा आखूड असतो म्हणून असं होतं, ही समजूत त्यात टिकली नाही. ‘सरळ’ म्हणजे कुठे याचा अंदाजच पावलागणिक थोडाथोडा ढळत जातो. म्हणजे चकवा खरा, फक्त तो झाडाखाली बसलेला नसतो. त्यावर उतारा म्हणजे नजरेच्या टप्प्यात असलेली पुढची खूण.

ती कशी असावी हे ठरवताना तुमच्या आधीच्या लोकांनी बराच विचार केलेला दिसतो. चेक प्रदेशात १८८९ पासून वाटा रंगवतात; तिथली खूण १० सेंटिमीटरचा चौकोन, वर-खाली पांढरा पट्टा आणि मधे रंगीत. अमेरिकेतल्या अॅपलाचियन वाटेवर २ इंच रुंद, ६ इंच उंच पांढरा पट्टा असतो. एकावर एक दोन पट्टे दिसले की सावध, पुढे वळण आहे. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावरचे पिवळे बाण एलियास वालिन्या या धर्मगुरूंनी १९८४ साली स्वतः रंगवायला सुरुवात केली. रंग कोणताही असो, नियम तेच: डोळ्यांच्या उंचीवर, कडा स्वच्छ, आणि जाताना व येताना दोन्ही बाजूंनी दिसणारी खूण. वाट फुटते तिथे एक आणि फाट्यापुढे थोड्या अंतरावर दुसरी, ‘बरोबर आलात’ असं सांगणारी. ही दुसरी खूण आपण धरून चालतो, पण घाबरलेल्या माणसाला तीच वाचवते.

खुणा पानगळीत रंगवल्या तर पालवी आल्यावर निम्म्या झाकल्या जातात, म्हणून भर झाडोऱ्यात तुम्ही पुन्हा एक फेरी मारता. पाटी खिळ्याने ठोकताना खिळा पुरता आत घालत नाही, बोटभर बाहेर ठेवता. झाड जाड होत जातं, पाटीला जागा लागते, नाहीतर ती वाकून फुटते. धारेवर झाडं नसतात तिथे दगडांच्या लगोऱ्या, धुक्यातही एकीवरून दुसरी दिसेल इतक्या जवळ. इथे एक तक्रार आमच्याच जमातीबद्दल. फोटोसाठी वाटेल तिथे लगोऱ्या रचणाऱ्यांना धुकं काय असतं ते ठाऊक नसावं. खोटी लगोरी नसलेल्या खुणेपेक्षा वाईट.

फांद्यांबद्दल थोडक्यात: आधी खालून अर्धवट काप, मग वरून, म्हणजे साल सोलून निघत नाही, शेवटचा काप खोडाजवळच्या फुगवट्याबाहेर. तोडलेल्या फांदीचं जाड टोक वाटेपासून दूर. ही शेवटची गोष्ट कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही, इतकी नीट केलेली असते.

तुमच्या कष्टांच्या मोबदल्यात आमच्याकडून जे होण्यासारखं आहे ते असं. चिखल लागला तर कडेने न जाता मधूनच जाऊ. कडेने गेलं की वाट दरवेळी हातभर रुंदावते. चार-पाच मिनिटं चालूनही खूण दिसली नाही तर अंदाजाने आडवे न घुसता शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे येऊ, म्हणजे तुम्हाला कंदील घेऊन शोधायला यावं लागणार नाही. निघायची वेळ हिशोब करून ठरवू. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला हिशोब अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ म्हणजे सुमारे ३ तास ५५ मिनिटं. त्यात विश्रांती, घसाऱ्याचा उतार आणि दाट झाडी धरलेली नाही, तेव्हा निम्मा वेळ आणखी जोडायचा आणि जंगलात सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारतं हे विसरायचं नाही.

आडबांधाचं तोंड तुंबलेलं दिसलं तर पानं बुटाने बाजूला सारू. दगड मात्र हलवणार नाही, तो का तसा बसवला आहे हे तुम्हाला ठाऊक. आणि झाड आडवं पडलेलं दिसलं तर नुसतं ‘वर कुठेतरी’ असं न कळवता कोणत्या खुणेपासून किती पावलं, खोडाचा घेर किती वीत, ते जमिनीवर टेकलंय की दोन्ही टोकांवर तोललंय, एवढं लिहून कळवू. तोललेल्या खोडात ताण असतो. वरून करवत घातली तर पातं अडकतं. कोणती करवत वर न्यायची ते तुम्हाला खालीच ठरवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
त्या वाटेने जाणारे