मुरूम नेलात, आता गवत येऊ द्या

मा. संपादक,

सुप्याजवळच्या आमच्या माळावरून रस्त्यासाठी मुरूम उचलला गेला. डंपर गेले, खड्डा राहिला. परवा त्याच्या काठावर वृक्षारोपण झालं. गुलमोहर, उंदीरमारी (शहरी भाषेत ग्लिरिसिडिया), फोटो, वडापाव. हेतू वाईट नव्हता. पण इथं जंगल होतंच कधी? इथं पवना, शेडा, मारवेल हे गवत होतं आणि त्याच्या जिवावर चिंकारा, लांडगा, चंडोल. शेजारचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठीच, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. हद्दीचा दगड चिंकाऱ्याला वाचता येत नाही, तो आमच्या माळावरही चरतो. धाविक पक्षी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. झाडांच्या दाटीत तो फिरकणारही नाही.

८ जानेवारी २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठानं केंद्राला सांगितलं होतं, की खाणकाम संपल्यावर खाणीचा पट्टा घेणाऱ्यानं तिथं पुन्हा गवत वाढवावं आणि जमीन चारा, वनस्पती व प्राण्यांना योग्य करून द्यावी, अशी अट घाला. न्यायालयाचा शब्द गवताचा आहे, हे मुद्दाम नमूद करतो.

गुरगावच्या अरवली जैवविविधता उद्यानातही पूर्वी दगडाच्या खाणी होत्या. तिथं धौ, सालई अशी त्याच डोंगरांतली झाडं लावली, कारण तिथलं मूळ रूप जंगलाचं होतं. आपण रोपांची यादी नव्हे, ही रीत उचलावी.

आमच्याकडे काम सोपं आहे, फक्त ते पोकलेन येण्याआधी सुरू व्हायला हवं. वरची वीतभर माती वेगळी काढून ठेवायची. गवताचं बी तिच्यातच असतं. आमची माती मुरमासोबत रस्त्याखाली गेली. खड्ड्याची एक बाजू उताराची करावी, म्हणजे पावसाळ्यात पाण्याला उतरलेली मेंढरं आणि हरणं वर येऊ शकतील. दुसऱ्या बाजूची मऊ मातीची दरड तशीच ठेवली, तर वेडे राघू तिच्यात बिळं करतील. मग पावसाच्या तोंडावर इथल्याच गवताचं बी फेकावं आणि दोन वर्षं चराई बंद ठेवावी. ही बंदी मात्र मेंढपाळांना आधी विचारून करा. माळ त्यांचाही आहे, आणि कुठलं गवत कुठं येतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

आमच्या तालुक्यात मुरमाचा पुढचा परवाना निघेल, तेव्हा मातीची आणि गवताची अट त्यात लिहिलेली असावी, एवढीच मागणी आहे. गुलमोहर शाळेच्या आवारात लावू.

— एक वाचक, सुपे (ता. बारामती)