चेहरा पाहून घर नाकारणं थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी त्रिमूर्तीनगरात राहते. आमच्या सोसायटीत एक फ्लॅट रिकामा आहे, मणिपूरच्या दोन नर्स मुली तो पाहून गेल्या, मालकही द्यायला तयार होते, पण मीटिंगमध्ये बाकीच्यांनी विषय हाणून पाडला. का, तर रात्री-बेरात्री येतील, सोबत कोण कोण येईल, काय काय शिजवतील. त्या मुलींशी एकानंही बोलून पाहिलं नव्हतं, फक्त व्हॉट्सॲपवर आधार कार्डाचा फोटो फिरला आणि तेवढ्यावर निकाल लागला. अहो नर्सला नाईट ड्युटी असते, आपल्या घरचं माणूस दवाखान्यात ॲडमिट असतं तेव्हा मध्यरात्री सलाईन बदलायला तीच येते ना! मी हे तिथं बोलले, आता इथं लिहून राहिले, कारण हे एकट्या आमच्या सोसायटीत होत नाही.

नागपुरात आता ईशान्येकडची बरीच पोरं-पोरी दिसतात, कोणी शिकायला, कोणी सलूनमध्ये, हॉटेलात, दवाखान्यात कामाला. रस्त्यानं चालताना मागून हाका मारतात, ऑटोवाले विचारतात नेपाळचे का चीनचे, आणि मुलगी असेल तर तिच्या चारित्र्याबद्दल आधीच ठरवून मोकळे. २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला तेव्हा तर देशभर या लोकांना "कोरोना" म्हणून चिडवलं, शेवटी केंद्राच्या गृहखात्याला राज्यांना लिहावं लागलं की हे थांबवा.

जेवणाचं तर मला खरंच कळत नाही. बांबूच्या कोंबाचा वास येतो म्हणे. आपल्या गडचिरोली-गोंदियाकडं पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंबच, खातातच की, आणि सुकट भाजली की अख्ख्या बिल्डिंगला कळतं, त्यावरून आपण कोणाला घराबाहेर नाही काढत.

आणि हे नुसतं चिडवण्यावर थांबत नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपतनगरला निदो तानिया या अरुणाचलच्या पोराच्या केसांवरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि तो गेला. त्यानंतर बेझबरुआ समिती बसली, वंशावरून अपमान करणाऱ्यासाठी दंडसंहितेत वेगळं कलम टाका, शाळेच्या पुस्तकात ईशान्येचा इतिहास शिकवा असं तिनं त्याच वर्षी सांगितलं. १ जुलै २०२४ पासून पूर्ण दंडसंहिताच बदलून न्याय संहिता आली तरी ते वेगळं कलम काही आलं नाही. आफ्रिकेच्या विद्यार्थ्यांचंही तेच, काळा माणूस दिसला की ड्रग्जवाला. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका मुलाच्या मृत्यूनंतर नुसत्या संशयावरून जमावानं नायजेरियन पोरांना मॉलमध्ये शिरून मारलं होतं.

मला जास्त त्रास याचा होतो की हे नागपुरात होऊन राहिलं. ज्या घटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, जात, लिंग यांच्यासोबत वंश आणि जन्मस्थान हेही शब्द स्पष्ट लिहिलेत, ती घडवणाऱ्या बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दीक्षेसाठी हेच शहर निवडलं. इंदोऱ्याचे भंते सुरेई ससाई मूळचे जपानचे, पण लाखो लोकांनी त्यांना आपलं मानलं, कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार जपानच्या मदतीनं उभं राहिलं आणि तिथं आपण दर रविवारी पोरांना घेऊन जातो. थंडीत तिबेटी लोकांकडून स्वेटर घेतो, तिकडं गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तर त्यांची अख्खी वसाहत आहे. म्हणजे वेगळ्या चेहऱ्याची माणसं आपल्याला काही नवीन नाहीत, मग भाड्यानं फ्लॅट द्यायची वेळ आली की असं का वागतो आपण?

सोसायटीच्या कमिटीला माझं सांगणं आहे की भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन सगळ्यांचं करा, मराठी पोराचंही करा, पण ते झाल्यावर चेहऱ्यावरून मत घेऊ नका. पोलिसांनी प्रत्येक ठाण्यात सांगून ठेवावं की अशी तक्रार आली तर "मस्करी असेल" म्हणून परत पाठवायचं नाही. कॉलेजवाल्यांनी ॲडमिशन देताना बाहेरून आलेल्या पोरांच्या राहायच्या सोयीची जबाबदारी पण घ्यावी, नाहीतर ती पोरं उन्हातान्हात एजंटच्या मागं फिरत राहतात. आणि संपादक साहेब, तुमच्या पेपरात या मुलामुलींच्या मुलाखती छापा, नागपुरात त्यांना काय ऐकावं लागतं ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या, माझ्यासारखीनं त्यांच्या वतीनं किती लिहायचं.

एक वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर